इकादाबुकी (बोन्साय शैली)

इकादाबुकी किंवा तराफा शैली ही बोन्साय (वामनवृक्ष) कलेतील बहुखोडी रचनेची एक शैली आहे. या शैलीत एकच झाड आडवे निजवून लावले जाते. मातीत पुरलेल्या खोडाच्या खालच्या बाजूला नवी मुळे फुटतात आणि वरच्या बाजूच्या फांद्या उभ्या वाढून स्वतंत्र खोडांसारख्या दिसू लागतात. काही वर्षांनी उथळ कुंडीत पाच, सात किंवा त्याहून अधिक वृक्षांचे छोटे वन उभे राहिलेले दिसते. वस्तुतः ते सर्व मिळून एकच झाड असते. जपानी भाषेत 'इकादा' म्हणजे ओंडक्यांचा तराफा, तर शब्दाच्या उत्तरपदात फुटवे फुटण्याचा अर्थ आहे.

ही शैली अनेक वृक्षजातींवर वापरली जाते. जुनिपर या सूचिपर्णी वृक्षावर ती विशेष शोभते, मात्र जुनिपरच्या बाबतीत ती सर्वांत जास्त धीराने हाताळावी लागते. या लेखात मुख्यतः जुनिपरपासून असे वन कसे तयार होते याचे विवेचन आहे.

निसर्गातील मूळ

वादळ, बर्फाचा भार किंवा दरड कोसळणे यांमुळे उभा वृक्ष आडवा होतो. त्याची काही मुळे तुटतात, पण काही जमिनीत टिकून राहतात व वृक्ष जिवंत राहतो. खालच्या बाजूच्या फांद्या दडपल्या जाऊन मरतात. वरच्या फांद्या प्रकाशाकडे वळून सरळ वाढू लागतात. दरम्यान पालापाचोळा व माती साचून खोड झाकले जाते आणि ओलाव्याच्या संपर्कात आलेल्या सालीतून मुळे बाहेर पडतात. कालांतराने मूळ बुंधा कुजून गेला तरी नव्या मुळांवर ही खोडांची रांग जगते.

जुनिपरच्या अनेक जातींत याहून सौम्य रूपात हेच घडत असते. पसरट वाढणाऱ्या जातींच्या फांद्या जमिनीला टेकल्या की तेथे आपोआप मुळे धरतात. जपानच्या दक्षिण भागातील किनाऱ्यांवर आढळणारा जुनिपेरस प्रोकम्बेन्स आणि उत्तर अमेरिकेतील जुनिपेरस हॉरिझाँटॅलिस ही याची परिचित उदाहरणे होत. मराठी वाचकाला एकाच झाडाचे वन म्हटले की वड आठवणे स्वाभाविक आहे. हावडा येथील आचार्य जगदीशचंद्र बोस वनस्पती उद्यानातील प्रसिद्ध वटवृक्षाचे मूळ खोड बुरशीच्या प्रादुर्भावामुळे १९२५ मध्ये काढून टाकावे लागले, तरी पारंब्यांच्या आधारावर तो वृक्ष आजही विस्तारत आहे. तराफा शैलीशी असलेले त्याचे साम्य खरे आहे, पण दिशा उलट आहे. वडाच्या पारंब्या वरून खाली उतरून खोडे बनतात, तर तराफ्यात फांद्या खालून वर जाऊन खोडे बनतात. मूळ खोड गेल्यावरही वन उरते, ही गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी आहे आणि कुंडीतील तराफ्याची खरी कसोटीही तीच असते.

इतर बहुखोडी शैलींशी संबंध

कुंडीतील वन अनेक मार्गांनी उभे करता येते. योसेउए या प्रकारात वेगवेगळी झाडे एकत्र लावली जातात. वॉशिंग्टन येथील नॅशनल बोन्साय अँड पेनजिंग म्युझियममध्ये असलेली 'गोशिन' ही रचना या प्रकारातील जगातील सर्वांत परिचित कृती म्हणता येईल. जपानी वंशाचे अमेरिकन बोन्सायकार जॉन नाका (१९१४–२००४) यांनी १९४८ मध्ये तिची सुरुवात केली. तिच्यातील अकरा फोमिना जुनिपर त्यांच्या अकरा नातवंडांचे प्रतीक आहेत. १९८४ मध्ये त्यांनी ती संग्रहालयाला दिली. गोशिनमधील प्रत्येक वृक्ष स्वतःच्या मुळांवर उभा आहे, त्यामुळे ती तराफा शैली नव्हे. तथापि जुनिपरचे वन कसे दिसावे याचा आदर्श म्हणून तराफा करणारेही तिच्याकडे पाहतात.

नेत्सुरानारी या प्रकारात खोडे एकाच नागमोडी, जमिनीलगतच्या मुळाने किंवा खोडाने जोडलेली असतात. सरळ आडव्या खोडापासून झालेली रचना इकादाबुकी आणि वळणदार खोडापासून झालेली नेत्सुरानारी असा भेद अनेक लेखक करतात. प्रत्यक्षात ही नावे बरीच सैलपणे वापरली जातात. काबुदाची म्हणजे एकाच बुंध्यातून झुडपासारखी निघालेली अनेक खोडे.

एका जुनिपरपासून वन करण्याचा आणखी एक मार्ग छाट कलमांचा आहे. एकाच झाडाची कलमे वाढवून ती एकत्र लावली तर सर्व झाडे जनुकीयदृष्ट्या एकरूप असतात. पानांचा रंग, पोत आणि वाढीचा हंगाम जुळतो. बियांपासूनच्या रोपांत एखादे निळसर तर एखादे पिवळसर निघते, तसे येथे होत नाही. तराफा शैलीत हा लाभ अनायासे मिळतो. शिवाय अनेक वर्षे वाढलेल्या फांद्या आयत्या मिळत असल्याने खोडांना जाडी येण्याची वाट पाहण्याचा काळही वाचतो.

झाडाची निवड

उभ्या एकखोडी बोन्सायसाठी जे झाड टाकाऊ ठरते, तेच तराफ्यासाठी पुष्कळदा सर्वोत्तम असते. एकाच बाजूला फांद्या असलेले, भिंतीलगत वाढून दुसरी बाजू उघडी पडलेले, उंच आणि शेलाटे झाड रोपवाटिकेत कोपऱ्यात पडून असते. आडवे केल्यावर त्याची उणीव नाहीशी होते.

जुनिपर प्रजातीत सुमारे साठ जाती आहेत. बोन्सायमध्ये चिनी जुनिपरचा शिंपाकु हा प्रकार आणि प्रोकम्बेन्सचा 'नाना' हा ठेंगणा वाण यांचा वापर अधिक होतो. शिंपाकु मूळचा डोंगरकड्यांवरचा. शिकोकु बेटावरील इशिझुची पर्वत आणि निइगाता प्रांतातील इतोइगावा या भागांतून गोळा केलेली झाडे जपानमध्ये विख्यात आहेत. आज बाजारात मिळणारी बहुतेक रोपे छाट कलमांपासून केलेली असतात.

निवड करताना फांद्यांच्या संख्येपेक्षा पालवी कोठे आहे हे पाहणे महत्त्वाचे आहे. अनेक पानझडी वृक्षांच्या जुन्या लाकडातूनही नवे डोळे फुटतात. जुनिपरच्या पर्णहीन जुन्या फांदीवर सहसा काहीच फुटत नाही. ज्या फांदीवरील सर्व हिरवा भाग काढला ती फांदी मेली, असे धरूनच चालावे. म्हणून ज्या फांदीचे पुढे खोड करायचे आहे तिच्यावर तळापासून थोडी तरी पालवी असलेले झाड निवडतात; केवळ टोकांना झुबके असलेल्या फांद्यांपासून झाडूसारखी खोडे होतात व ती सुधारता येत नाहीत.

मुळे फुटण्यामागील वनस्पतिशास्त्र

शेतकऱ्यांना परिचित असलेले दाब कलम आणि तराफा यांचे तत्त्व एकच आहे. खोडाच्या आतील लाकडातील जलवाहिन्या पाणी व खनिजे मुळांकडून पानांकडे नेतात. पानांत तयार झालेली साखर सालीतील रसवाहिन्यांमधून मुळांकडे उतरते. या दोहोंच्या मध्ये ऊतककर हा विभाजनक्षम पेशींचा पातळ थर असतो. साल कापली की साखर आणि शेंड्याकडून येणारे ऑक्झिन हे संप्रेरक जखमेपाशी अडते, आणि ओलावा व अंधार मिळाल्यास तेथील पेशींपासून आगंतुक मुळे तयार होतात. ती जखमेच्या शेंड्याकडील कडेला येतात, बुंध्याकडील कडेला नव्हे. त्यामुळे ज्या फांदीला स्वतःची मुळे हवी आहेत तिच्या तळाच्या किंचित बुंध्याकडील बाजूस, खोडाच्या खालच्या अंगावर जखम करणे फायद्याचे ठरते. मग मुळे बरोबर त्या फांदीखाली येतात.

गुटी कलमात साल पूर्ण वर्तुळाकार काढतात. तराफ्यात तसे करणे घातक असते. पूर्ण वर्तुळ कापल्यास जुन्या मुळांना साखर मिळत नाही आणि ती हळूहळू उपाशी मरतात. नवी मुळे येईपर्यंत तर संपूर्ण झाडाला पाणी देण्याचे काम याच जुन्या मुळांवर असते. म्हणून वरच्या अंगाची साल अखंड ठेवली जाते.

जुनिपरच्या बाबतीत आणखी एक गुंतागुंत आहे. या वृक्षात ठरावीक मूळ आणि ठरावीक फांदी यांना जोडणारे जिवंत पट्टे असतात. जुन्या जुनिपरच्या खोडावर पांढऱ्या मृत काष्ठाच्या शेजारून तांबूस जिवंत साल पिळवटत गेलेली दिसते, ती यामुळेच. एखाद्या फांदीचा पट्टा चुकून पूर्ण तोडला तर शेजारची फांदी तिला पुरेसे पाणी पुरवू शकत नाही. सुदैवाने तराफ्याच्या रचनेतच यावर उपाय दडलेला आहे. खालच्या अंगाच्या फांद्या तोडल्या की त्यांना पोसणारा पट्टा रिकामा होतो आणि साल काढण्यास नेमकी तीच जागा सर्वांत सुरक्षित असते.

आडवे लावण्याची पद्धत

हे काम थंडी ओसरल्यानंतर, नवी वाढ सुरू होण्याच्या सुमारास केले जाते. झाड कुंडीतून काढून प्रथम टेबलावर आडवे ठेवून निरखतात आणि कोणते अंग खाली जाईल हे ठरवतात. त्या अंगावरील फांद्या मुळापासून कापल्या जातात. बाजूंच्या फांद्या मात्र राखतात. तार गुंडाळून त्या उभ्या केल्या की त्या मुख्य रांगेच्या पुढे-मागे जातात आणि वनाला खोली येते. केवळ वरच्या फांद्या ठेवल्यास खोडांची कुंपणासारखी सरळ ओळ होते, हा या शैलीतील नेहमीचा दोष आहे. तो टाळण्यासाठी मूळ खोडालाही आधीच तार बांधून जमिनीच्या पातळीत नागमोडी वळण देतात. जुनिपरचे लाकूड लवचीक असल्याने अंगठ्याएवढ्या जाडीपर्यंत हे साधते. जाड खोडावर आधी ओला रॅफिया गुंडाळला तर साल फाटत नाही.

फांदी उभी करताना वळण तिच्या अगदी तळाशी आले पाहिजे. वळण वर आले तर ते खोड जमिनीतून उगवल्यासारखे न दिसता कोपरात वाकवलेल्या हातासारखे दिसते. शेंड्याचेही असेच आहे: आडव्या खोडाचे टोक वर वळवून त्याचे शेवटचे खोड करता येते, अन्यथा ते एखाद्या फांदीपाशी छाटतात.

यानंतर खालच्या अंगाची साल काढली जाते. काही जण सलग पट्टी सोलतात, काही जण प्रत्येक फांदीखाली दोन-तीन सेंटिमीटरचे स्वतंत्र तुकडे काढतात. जुनिपरसाठी दुसरी रीत अधिक श्रेयस्कर वाटते, कारण मधली साल शाबूत राहिल्याने झाडाला बसणारा धक्का कमी होतो. चाकू पांढऱ्या लाकडापर्यंत गेला पाहिजे. हिरवट थर शिल्लक राहिला तर जखम भरून येते आणि मुळे फुटत नाहीत. कडांना मुळे फुटण्याचे संजीवक, बहुधा इंडोल ब्युटिरिक आम्ल असलेली पूड, लावतात.

लागवड उथळ कुंडीत न करता लांबट लाकडी पेटीत करतात. आडवी झालेली मुळांची हुंडी सामावण्याइतकी खोली पेटीला हवी. हुंडीची वर आलेली बाजू थोडी छाटून मातीने झाकली जाते, पण या टप्प्यावर हुंडी जितकी मोठी ठेवता येईल तितकी चांगली. जखमांखाली ओले स्फॅग्नम शेवाळ व त्याभोवती निचऱ्याचे खरबरीत माध्यम भरतात. जपानमध्ये अकादामा ही भाजल्यासारखी दाणेदार माती, प्युमिस आणि लाव्हा खडी वापरतात. आपल्याकडे विटांचे चाळलेले तुकडे व जाडी वाळू यांवर काम भागते. खोड निम्म्याहून अधिक पुरले जाईल एवढे माध्यम टाकून ते पेटीच्या तळातून ओवलेल्या तारेने घट्ट बांधतात. ही बांधणी वरवर क्षुल्लक वाटते, परंतु वाऱ्याने खोड हलत राहिले तर केसासारखी कोवळी मुळे येतात तशी तुटत जातात.

पहिले काही आठवडे पेटी उजेडात पण कडक ऊन व वारा यांपासून दूर ठेवतात आणि पालवीवर पाण्याचे तुषार मारतात. माध्यम ओलसर हवे, चिंब नको. या काळात शेंडे खुडणे थांबवावे, कारण वाढत्या शेंड्यांतूनच मुळांना चालना मिळते. जोरदार छाटणी झालेल्या शिंपाकुवर खवल्यांसारख्या पानांऐवजी टोचरी बाल्यावस्थेतील पाने येतात, हेही छाटणी टाळण्याचे एक कारण आहे.

जुनी हुंडी वेगळी करणे

तराफ्याचे यशापयश या एका टप्प्यावर ठरते. वड-उंबरवर्गीय झाडांत नवी मुळे काही महिन्यांत दिसतात. जुनिपरला बहुधा दोन वर्षे तरी लागतात आणि तीन किंवा त्याहून अधिक लागली तरी त्यात वावगे काही नाही. या सर्व काळात झाड जुन्या हुंडीवर जगत असते, त्यामुळे ते टवटवीत आहे एवढ्यावरून नवी मुळे आली असा निष्कर्ष काढता येत नाही.

उलट बाजूनेही जुनिपर फसवे आहे. मुळे मेल्यानंतर त्याची पालवी अनेक आठवडे हिरवी राहते. रंग फिका पडून चकाकी गेलेली जाणवते तेव्हा उपचाराची वेळ सहसा टळलेली असते. म्हणून हुंडी एका घावात तोडणे म्हणजे पाच-सात वर्षांचे काम पणाला लावणे होय. सर्वाधिक धोका मधल्या खोडांना असतो. शेंड्याकडचे खोड जोमदार असल्याने त्याखाली मुळे लवकर येतात, बुंध्याजवळच्या खोडाला जुन्या मुळांचा आधार असतो. मधली दुबळी खोडे मात्र शेजाऱ्यांच्या जिवावर हिरवी दिसत राहतात आणि हुंडी गेल्यावर प्रथम तीच जातात.

यासाठी प्रत्येक खोडाखालची माती बांबूच्या बारीक काडीने हलकेच बाजूला करून मुळे प्रत्यक्ष पाहतात. मुळे पांढऱ्या टोकांची, फाटे फुटलेली आणि माती धरून ठेवणारी हवीत. दोन-चार सुटे तंतू पुरेसे नाहीत. प्रत्येक खोडाच्या शेंड्यांना फिकट हिरवी लांब वाढ दिसणे हे दुसरे चिन्ह होय. ज्या खोडाखाली मुळे नाहीत तेथे जखम पुन्हा ताजी करून आणखी एक-दोन हंगाम थांबावे, किंवा ते खोड साल सोलून जिन, म्हणजे मृत काष्ठ, म्हणून राखावे. वनात एखादा वठलेला वृक्ष असणे अस्वाभाविक नाही.

खात्री पटल्यावर हुंडी टप्प्याटप्प्याने कमी करतात. पहिल्या वर्षी हुंडीचा निम्मा भाग कापला जातो किंवा खोडाला करवतीने अर्ध्या जाडीपर्यंत खाच दिली जाते. पूर्ण हंगामभर सर्व खोडांची वाढ टिकली तर पुढच्या वसंतात उरलेला भाग वेगळा करतात. कापलेले टोक सपाट व बोडके दिसते. ते कोरून झिजलेल्या ओंडक्यासारखे करतात किंवा माती व शेवाळाखाली दडवतात.

वनाची मांडणी

हुंडी गेल्यानंतरच रचना उथळ लंबगोल तबकात किंवा सपाट दगडी फरशीवर हलवता येते. खोडांची संख्या विषम ठेवण्याचा संकेत आहे. खोडे बरीच असतील तर डोळ्यांना संख्या मोजता येत नाही आणि संकेताचे महत्त्व उरत नाही. सर्वांत उंच व जाड खोड मध्यावर न ठेवता एका बाजूला घेतात. समोरून पाहताना एक खोड दुसऱ्यामागे पूर्ण लपू नये आणि अंतरे समान असू नयेत.

योसेउएमध्ये झाडे हवी तशी उचलून ठेवता येतात, तराफ्यात ती मुभा नसते. फांद्यांची जागा झाडाने आधीच ठरवलेली असते. त्यातच बुंध्याकडून शेंड्याकडे फांद्या क्रमाने बारीक होत जात असल्याने वन पायऱ्यांसारखे उतरते दिसू शकते. यावर वाढीचे नियमन हाच उपाय आहे. ज्या खोडाला प्रमुख करायचे त्याचा शेंडा काही वर्षे न छाटता मोकळा वाढू देतात, म्हणजे त्याची जाडी वाढते. इतरांचे शेंडे नियमित आखूड ठेवतात. खोडांच्या आतल्या बाजूच्या बारीक फांद्या काढून बाहेरच्या राखल्या जातात, कारण दाट वनातील वृक्षांना आतून ऊन मिळत नसल्याने त्यांच्या फांद्या बाहेरच झेपावलेल्या असतात. सर्व खोडांचा मिळून एकच विषमभुज त्रिकोणी घेर तयार झाला की ही रचना झाडांची गर्दी न वाटता वन वाटू लागते.

मूळ आडवे खोड दाखवावे की झाकावे याविषयी एकमत नाही. नैसर्गिकरीत्या कोसळलेल्या वृक्षाचा भास हवा असेल तर त्याची पाठ मातीवर दिसू देतात. समतल भूमीवरील वन हवे असेल तर ते शेवाळाने झाकले जाते, आणि मग ही इकादाबुकी आहे की योसेउए हे केवळ पाहून सांगणे जाणकारालाही कठीण जाते.

भारतातील परिस्थिती

भारतात जुनिपर हिमालयात नैसर्गिकरीत्या आढळतो. यांपैकी जुनिपेरस कम्युनिस याची फळे आयुर्वेदात 'हपुषा' या नावाने ओळखली जातात. बोन्सायसाठी मात्र रोपवाटिकांतील चिनी व प्रोकम्बेन्स जुनिपरच वापरले जातात. जुनिपर हा भरपूर ऊन, वाहती हवा आणि हिवाळी विश्रांती मागणारा वृक्ष आहे; तो घरात ठेवून जगत नाही. महाराष्ट्रात पुणे, नाशिक यांसारख्या कोरड्या व हिवाळ्यात गारवा असलेल्या ठिकाणी तो कोकणपट्टीपेक्षा बरा वाढतो. किनाऱ्यावरील दमट उष्म्यात आणि सलग पावसात मुळे कुजण्याचा धोका मोठा असतो, आणि तराफ्याच्या पेटीत ताज्या जखमा मातीखाली असल्याने तो आणखी वाढतो. पावसाळ्यात पेटीवर पारदर्शक छप्पर घालून पाणी मोजके देणे तेथे आवश्यक ठरते. उन्हाळ्यात कोरड्या हवेत लाल कोळी ही कीड पालवी करडी करते. पालवीच्या खालच्या बाजूने पाण्याचा फवारा मारल्यास ती आटोक्यात राहते.

ही पद्धत प्रथमच करून पाहणाऱ्यांनी वड, पिंपरी किंवा तत्सम फायकस जातींपासून सुरुवात केल्यास त्यांना मुळे फुटण्यापासून हुंडी वेगळी करण्यापर्यंतचे सर्व टप्पे थोड्या काळात पाहायला मिळतात. या झाडांच्या बोडक्या खोडावरही नवे फुटवे येत असल्याने छाटणीतील चूक भरून निघते.